पत्ता मी काढला, माणूस दुसऱ्याने पकडला. पैसे कोणाचे? (अमेरिकेतले बाउंटी हंटर आणि त्यांची भांडणं)

हिशोबनीस

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडजवळ छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब आणि टॅक्स बघतो. नळदुरुस्तीवाले, ट्रकवाले, दोन केशकर्तनालयं, आणि गेली चार वर्षं एक बाउंटी हंटर. म्हणजे जामिनावर सुटून पळालेल्या माणसाला शोधून तुरुंगात नेऊन घालणारा. त्याला स्वतःला तो शब्द आवडत नाही, 'रिकव्हरी एजंट' म्हणायचं. सोयीसाठी त्याला 'गडी' म्हणतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे कोर्टाने ७५,००० डॉलर जामीन ठरवला की घरचे लोक बॉन्ड्समनकडे जातात. त्याला १० टक्के, म्हणजे ७,५०० डॉलर द्यायचे. ते परत मिळत नाहीत, आरोपी निर्दोष सुटला तरी नाही. बॉन्ड्समन मागे विमा कंपनी उभी करून कोर्टाला पूर्ण रकमेचं बंधपत्र देतो. आरोपी तारखेला आला नाही तर कोर्ट बॉन्ड जप्त झाल्याचं जाहीर करतं, पण पैसे लगेच घेत नाही. कॅलिफोर्नियात १८० दिवस मिळतात. तेवढ्यात माणूस हजर झाला तर बॉन्ड मोकळा. नाही झाला तर ७५,००० भरा. त्या १८० दिवसांतल्या शेवटच्या साठेक दिवसांत गड्याचा धंदा चालतो, कारण तोपर्यंत बॉन्ड्समन फुकटात फोन करून बघत असतो.

गड्याचा मोबदला बॉन्डच्या १० टक्के. माणूस आणला तर पैसे, नाही आणला तर पेट्रोलसुद्धा स्वतःचं.

आता भांडण. अशाच ७५,००० च्या एका फाइलवर गडी दोन महिने होता. शेवटी आरोपी बार्स्टोला मावसभावाकडे असल्याचं कळलं. गड्याने बॉन्ड्समनला दुपारी मेसेज केला, 'पत्ता पक्का आहे, आज संध्याकाळी जातो, बॉन्डची प्रमाणित प्रत पाठव.' बॉन्ड्समनने प्रत पाठवली नाही. तोच पत्ता त्याने दुसऱ्या एजंटला दिला. तो ६ टक्क्यांत काम करतो आणि त्या दिवशी योगायोगाने तिकडेच होता. संध्याकाळी सातला दुसऱ्याने माणूस उचलला. गडी साडेसातला पोचला तेव्हा मावसभाऊ अंगणात पाईपने झाडांना पाणी घालत होता.

बॉन्ड्समन म्हणतो, 'करारात लिहिलंय, आरोपीला कोठडीत दिल्यावर पैसे. तू दिलास का? नाही.' करार म्हणजे अर्धं पान.

गडी मला विचारतो, तू हिशेबवाला आहेस, सांग. मी काय सांगणार? कायद्यातल्या लोकांनी प्रकाश टाकावा.

मधलीसुट्टी

पहिला नंबर! खुर्ची टाकून बसलोय.

तुमच्या ओळखीचे लोक बघून आमचं आयुष्य अळणी वाटायला लागलंय. माझ्या ओळखीतला सर्वात थरारक माणूस सोसायटीचा सेक्रेटरी.

शंकेखोर

मुळात मला हेच कळत नाही की कुठल्याही खाजगी माणसाला दुसऱ्याच्या घरात शिरून बेड्या घालायचा हक्क कसा काय? टीव्हीवर बघितलंय, दारावर लाथा मारतात. हे गुंडच ना? गुंडांच्या वाटणीच्या भांडणात आपण कशाला न्याय शोधायचा?

दुसरी_सनद

शंकेखोर, प्रश्न बरोबर आहे आणि हिशोबनीसांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातूनच निघतं. म्हणून आधी हे. (मी पुण्यात एलएलबी केलं, मग लग्नानंतर इकडे येऊन पुन्हा परीक्षा दिली. फौजदारी करत नाही, कराराचे दावे करते.)

सगळे बाउंटी हंटर एकाच निकालाचं नाव घेतात: टेलर विरुद्ध टेंटर, अमेरिकन सुप्रीम कोर्ट, १८७२. त्यातला एक परिच्छेद त्यांना तोंडपाठ असतो. जामीनदाराच्या हाती आरोपी दिला म्हणजे त्याची मूळ कोठडीच पुढे चालू राहिली असं समजायचं, दोरी जामीनदाराच्या हातात. तो वाटेल तेव्हा दोरी ओढू शकतो, दुसऱ्या राज्यात पाठलाग करू शकतो, रविवारी पकडू शकतो, गरज पडली तर *त्याच्या* घराचं दार फोडू शकतो. नव्या वॉरंटची गरज नाही. हे काम स्वतः करावं किंवा माणूस नेमून करून घ्यावं.

गंमत अशी की त्या खटल्यात कोणी बाउंटी हंटर नव्हताच. कनेटिकटमध्ये ८,००० डॉलरच्या जामिनावर सुटलेला एक माणूस न्यूयॉर्कला गेला. तिथून त्याला मेन राज्याच्या मागणीवरून दुसऱ्याच गुन्ह्यासाठी धरून नेलं. जामीनदार म्हणाले, सरकारनेच नेला, आता आम्ही कुठून आणू, आमचे पैसे सोडा. कोर्ट म्हणालं, दोरी तुमच्या हातात होती, सोडलीत कशाला? जामीनदार हरले. म्हणजे तो प्रसिद्ध परिच्छेद 'तुम्हाला एवढे अधिकार होते, तरी वापरले नाहीत' असं सुनावताना ओघात आलेला आहे. पकडणाऱ्यांच्या हक्कांचा निवाडा करायला कोणी बसलंच नव्हतं. दीडशे वर्षं एक अख्खा धंदा त्या ओघावर चाललाय.

आता मुद्दा. हा अधिकार पोलिसांचा नाही, कराराचा आहे. आरोपीने जामीन घेताना सही केली आणि 'मला पकडा' ही संमती स्वतःच दिली. ज्याने सही केली त्याच्यापुरताच तो अधिकार. शेजाऱ्यावर नाही, मावसभावावर नाही. आणि अधिकार मूळचा बॉन्ड्समनचा. एजंटकडे जे आहे ते उसनं. बॉन्ड्समनने कागद दिला नाही तर तो एजंट म्हणजे बार्स्टोच्या रस्त्यावर उभा असलेला एक साधा माणूस. तुमच्या गड्याला प्रत पाठवली नाही, त्याचा अर्थ हा.

शंकेखोर

म्हणजे हक्क कुठून येतो तेवढं सांगितलंत. पण लाथ मारायची परवानगी आहे की नाही?

दुसरी_सनद

राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत १२९९ पासून पुढे वेगळी कलमं आहेत. अटकेच्या आधी तिथल्या पोलिसांना कळवायचं, आणि तेही आधीच्या सहा तासांच्या आतच, आठवडाभर आधी सांगून ठेवलं तर चालत नाही. बॉन्ड्समनचा अधिकारपत्राचा कागद अंगावर हवा. पोलिसांसारखा गणवेश नाही, बिल्ला नाही. दार फोडण्याला सर्वसाधारण अटकेचेच निर्बंध लागू. १ जुलै २०२३ पासून राज्याच्या विमा खात्याचा परवानाही लागतो. त्याआधी प्रशिक्षण घेतल्याचे दाखले जवळ असले की पुरायचं.

बाहेरच्या राज्यातला एजंट कॅलिफोर्नियात आला तर त्याने आधी इथल्या मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करून वॉरंट घ्यायचं. १८७२ चा परिच्छेद खिशात असून भागत नाही.

फ्लोरिडात तर मोकळा बाउंटी हंटर हा प्रकारच नाही, परवानाधारक बॉन्ड एजंटनेच पकडायचं. केंटकीने १९७६ मध्ये जामिनाचा खाजगी धंदाच बंद केला. इलिनॉयने १९६३ मध्ये बॉन्ड्समन हटवले, आणि सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच काढून टाकला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही २०१८ मध्ये तसा कायदा केला होता. बॉन्डवाल्यांनी सह्या गोळा करून तो जनमताला लावला आणि २०२० मध्ये मतदारांनी फेटाळला.

वाळवंटी_उंट

फिनिक्सहून. शंकेखोरांच्या लाथेवरून आठवलं. ऑगस्ट २०१५ मध्ये इथे रात्री बाउंटी हंटरांची टोळी एका घरावर गेली. सोशल मीडियावरून टीप मिळाली होती की ओक्लाहोमाचा फरार इथे आहे. दिवे मारले, आरडाओरडा, दार ठोकलं. घर निघालं फिनिक्सच्या पोलिसप्रमुखाचं! टोळीतल्या एकाला अटक झाली.

पत्ता कोणी काढला यावरून त्यांच्यात नंतर वाद झाला नसावा. 😄

मधलीसुट्टी

हसून हसून पुरेवाट. 'पत्ता तुझाच रे, मी फक्त दार ठोकलं.'

ह्यूस्टनची_धाकटी

मला हसू आलं नाही. सॉरी. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते.

माझ्या रूममेटला (मराठीच, नाव-गाव जाऊ दे) दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं. रात्री दोन वाजता बॉन्ड्समनच्या ऑफिसात मी सही केली. सहा-सात पानं होती, मी वाचली नाहीत, झोप आणि भीती दोन्ही. पुढे त्याची तारीख बदलली, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तो गैरहजर. एका पहाटे दारावर दोन माणसं. काळी जॅकेटं, पट्ट्याला पिस्तूल. मला वाटलं पोलिस. दार उघडलं. ते आत आले, कपाटं बघितली, बाथरूम बघितलं. तो घरात नव्हताच, नाइट शिफ्टला गेला होता.

नंतर कळलं की टेक्सासमध्ये घरातल्या माणसाच्या संमतीशिवाय त्यांना आत येताच येत नाही. मी 'नाही' म्हटलं असतं तर त्यांना दारातच उभं राहावं लागलं असतं. मी बॉन्ड्समनला फोन करून ओरडले. तो शांतपणे म्हणाला, 'मॅडम, चौथ्या पानावर बघा, तपासासाठी घरात येऊ देण्याला तुम्ही संमती दिलेली आहे.' दिली होती.

आणि वर त्या दोघांचा दिवसाचा खर्चही माझ्याकडून वसूल केला, तेही पाचव्या पानावर होतं. रूममेट दुसऱ्या दिवशी स्वतः वकिलाबरोबर कोर्टात गेला, प्रकरण मिटलं. पैसे माझे गेले ते गेलेच.

दुसरी_सनद

धाकटी, वाईट वाटलं वाचून. टेक्सासचं तुमचं बरोबर आहे. तिथे हे काम करायला पोलिस किंवा परवानाधारक खाजगी गुप्तहेर किंवा सुरक्षा अधिकारी असावं लागतं, बॉन्ड्समनचा लेखी आदेश लागतो, सरकारी माणूस वाटेल असा बिल्ला-गणवेश चालत नाही. त्या छापील पानावरच्या संमतीचं वजन किती, यावर भांडता आलं असतं. जिवंत माणूस दारात 'नको' म्हणत असताना महिन्यांपूर्वीची सही दाखवून आत शिरणं मला तरी पटत नाही. पण हे सगळं पहाटे पाचला कोणाला सुचतं?

कोर्टाची_पायरी

नाशिकहून नमस्कार. बत्तीस वर्षं फौजदारीत आहे, हे नाव शहाण्यांसाठी नाही, माझ्यासारख्यांसाठी आहे.

हे वाचून हसू येतं आणि हेवाही वाटतो. आपल्याकडे जामीनदाराला आरोपीच्या केसालाही हात लावता येत नाही. तो पळणार असं वाटलं तर जामीनदाराने कोर्टात अर्ज द्यायचा की मला मोकळं करा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४८९. मग कोर्ट वॉरंट काढतं, पोलिस आणतात, आरोपीला सांगतात दुसरा जामीनदार दे. पळालाच तर ४९१ खाली (जुनं ४४६) जामीनदाराला नोटीस, दंडाची रक्कम का वसूल करू नये याचा खुलासा करा. भरली नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. बिचारा काका, मेहुणा, गावचा सरपंच, सातबारा आणि सॉल्व्हन्सीचा (ऐपतीचा) दाखला घेऊन सही केलेला, तो माझ्या टेबलासमोर बसून घाम पुसतो.

साध्या नागरिकाला अटकेचा अधिकार फक्त त्याच्यासमोर दखलपात्र अजामीनपात्र गुन्हा घडला तर किंवा माणूस फरारी म्हणून जाहीर झाला असेल तर, आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा.

पैसे घेऊन जामीन राहणं हा आपल्याकडे धंदा नाही, रॅकेट आहे. कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर भाडोत्री जामीनदार मिळतात. एकच सातबारा दहा आरोपींना, रेशनकार्ड झेरॉक्सचं झेरॉक्स. म्हणूनच २००५ च्या दुरुस्तीने ४४१-अ आणलं, आधी किती जणांना जामीन राहिलात ते प्रतिज्ञापूर्वक सांगा. इंग्लंडमध्ये तर जामीनदाराला नुकसानभरपाईची हमी देणं हाच गुन्हा आहे, १९७६ चा कायदा. तत्त्व असं की जामीनदाराला स्वतःच्या पैशाची काळजी असली तरच तो आरोपीवर लक्ष ठेवील. अमेरिकेने ते तत्त्व उलटं केलं: काळजी विकत घेतली, आणि ती पुढे कमिशनवर दुसऱ्याला दिली.

शंकेखोर

पायरीकाका, मग आपली पद्धत बरी म्हणायची?

कोर्टाची_पायरी

बरी कसली! १९७८ चा मोतीराम खटला वाचा. मध्य प्रदेशचा गवंडी. सुप्रीम कोर्टाने जामीन दिला, मॅजिस्ट्रेटने १०,००० चा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला तर म्हणे त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्णा अय्यरांनी चांगलंच सुनावलं. तरी आजही जामीन मंजूर झालेले लोक जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेले असतात. अमेरिकेत निदान कोणीतरी १० टक्क्यांत सोडवतो.

हिशोबनीस

पायरीकाका, अवांतर असलं तरी आवडलं. पण माझ्या गड्याचं काय ते कोणी सांगेल का? 🙏

यार्डवाला

मी सांगतो. वकील नाही. पिंपरीत हप्ते थकलेल्या गाड्या सीझ (जप्त) करायचं काम केलं नऊ वर्षं, आता सोडलं.

भाऊ, तुमच्या गड्याची कथा आमच्या धंद्यात रोज होते. फायनान्सवाला एकच केस तीन एजन्सीला देतो. पोरं उन्हातान्हात गाडी हुडकत फिरतात. एक जण गाडी कुठल्या गल्लीत लागते ते काढतो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो, आणि तिथेच मरतो. अर्ध्या तासात दुसऱ्या एजन्सीची पोरं येऊन गाडी ओढून नेतात. मॅनेजर म्हणतो, 'यार्डाची (ओढून आणलेल्या गाड्या ठेवायची जागा) पावती कोणाच्या नावावर? त्याला पैसे.' यार्डात जो लावेल त्याची गाडी.

म्हणून आम्ही शिकलो: लोकेशन कधीच पूर्ण सांगायचं नाही. 'मिळाली, उद्यापर्यंत लावतो' एवढंच. आणि पोलिस स्टेशनला प्री इंटिमेशन (गाडी उचलण्याआधीची लेखी कल्पना) आपल्याच नावाने द्यायचं. पुढे भांडण झालं तर स्टेशनच्या शिक्क्यावर वेळ असते. तो शिक्का मॅनेजरलाही खोटा ठरवता येत नाही.

तुमच्या गड्याने तिथल्या पोलिसांना कळवलं होतं का?

दुसरी_सनद

यार्डवाला, माझ्या जिभेवरचा प्रश्न घेतलात. हिशोबनीस, हे नक्की विचारा.

मधलीसुट्टी

तोपर्यंत एक बाळबोध प्रश्न. तो टीव्हीवरचा लांब केसांचा, 'डॉग' म्हणवणारा, त्याला कधी पैसे बुडाल्याचं बघितलं नाही!

दुसरी_सनद

चुकलात. त्याचेच सर्वात गाजलेले बुडाले. ड्वेन चॅपमन. २००३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या एका मोठ्या घराण्याचा वारस बलात्काराच्या खटल्यातून पळाला, जामीन दहा लाख डॉलर. चॅपमनने त्याला मेक्सिकोत पोर्तो व्हायार्तामध्ये पकडलं. मेक्सिकोत हा प्रकार बेकायदा, त्यामुळे तिथल्या पोलिसांनी चॅपमनलाच आत टाकलं. तो जामिनावर सुटला आणि, धरून बसा, मेक्सिकोहून पळून आला! २००६ मध्ये त्यासाठी अमेरिकन मार्शलनी त्याला हवाईत अटक केली. २००७ मध्ये मेक्सिकोतलं प्रकरण मुदतबाह्य ठरून निकालात निघालं.

आणि पैसे? कोर्टाने जप्त केलेल्या जामिनातून खर्च आणि मोबदला द्या म्हणून त्याने मागणी केली. न्यायाधीश म्हणाले, नाही. त्याला कोणी नेमलंच नव्हतं, आणि कायदा मोडून केलेल्या कामाचं बक्षीस कोर्ट कसं देणार?

त्याआधीचं एक याहून वाईट आहे. १९८१ मध्ये दोघांनी टोरांटोतून एका माणसाला उचलून फ्लोरिडाला नेलं. कॅनडा भडकला. अमेरिकेला त्या दोन बाउंटी हंटरांचंच कॅनडाला प्रत्यार्पण करावं लागलं, तिथे त्यांना अपहरणाची शिक्षा झाली. आरोपीने ज्या कागदावर सही केलेली असते तो कागद सीमेपलीकडे रद्दी.

वाळवंटी_उंट

म्हणजे जामीन तोडणाऱ्याला पकडणाराच जामीन तोडून पळाला. त्याला पकडायला कोणी १० टक्के घेतले का?

शंकेखोर

एक शंका (नावाला जागतो). पोलिस बरोबर असले तर काय? मग घटनात्मक हक्क लागू होणार ना?

दुसरी_सनद

चांगला प्रश्न. एकटा एजंट गेला तर बहुतेक फेडरल कोर्टं त्याला सरकारी हात मानत नाहीत. नवव्या सर्किटने (सर्किट म्हणजे फेडरल अपील कोर्ट) १९७४ मध्ये तसंच म्हटलं. पण १९८७ मध्ये चौथ्या सर्किटपुढे एक प्रकरण आलं, त्यात पोलिसाने बॉन्ड्समनला घरात शिरायला मदत केली होती. कोर्ट म्हणालं, आता दोघेही सरकारचं काम करत होते, नागरी हक्कांचा दावा चालेल. म्हणून हुशार एजंट पोलिसांना कळवतो, पण 'चला माझ्याबरोबर' म्हणत नाही. आणि हुशार पोलिस चौकात गाडी लावून बसतो, दारापर्यंत येत नाही.

हिशोबनीस

आलो. गड्याशी तासभर बोललो. त्याने चार गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन मला आधी सांगितल्या नव्हत्या, गिऱ्हाईक असंच असतं.

पोलिसांना कळवलं होतं. बार्स्टोला फोन, दुपारी सव्वाचार. फरारीचं नाव, पत्ता, स्वतःचं नाव, परवाना क्रमांक. दुसऱ्या एजंटने कधी कळवलं ते माहीत नाही.

बॉन्ड्समनला पत्त्याचा मेसेज दुपारी तीन दहाला. उत्तर तीन बाराला: अंगठा. फक्त अंगठा.

करारात 'एजंटने आरोपीला कोठडीत दिल्यावर' असं आहे. काम दुसऱ्यालाही देता येईल की नाही याबद्दल काहीच नाही.

आणि चौथं: याच बॉन्ड्समनकडून त्याचे आधीचे दोन फाइलींचे ४,१०० डॉलर यायचे आहेत. मला हिशेबात दिसत होते, मी दर महिन्याला विचारायचो, तो म्हणायचा 'देईल, चांगला माणूस आहे.' जानेवारीत मात्र बॉन्ड्समनकडून १०९९ फॉर्म (वर्षभरात कोणाला किती पैसे दिले ते टॅक्स खात्याला कळवणारा) आला, त्यात हे ४,१०० दिल्याचं दाखवलंय! न मिळालेल्या पैशावर टॅक्स भरायची वेळ. हे भांडण मी माझ्या परीने निस्तरलं, दुरुस्त फॉर्म मागवलाय, लेखी.

यार्डवाला

अंगठा! भाऊ, तो अंगठा म्हणजे सातबारावरचा अंगठा समजा. जपून ठेवा.

कोर्टाची_पायरी

यार्डवाले, तुम्ही वकील व्हायला हवं होतं.

हिशोबनीस, कॅलिफोर्नियाचा कायदा मला येत नाही, पण कराराची जात सगळीकडे सारखी. आपल्या करार कायद्यात (तोही १८७२ चाच, बघा योगायोग) कलम ५३ आहे: एका पक्षाने दुसऱ्याला काम पुरं करण्यापासून अडवलं, तर अडवणाऱ्याला 'तू काम पुरं केलं नाहीस' म्हणता येत नाही, उलट भरपाई द्यावी लागते. आणि कलम ७०: फुकट करायचा हेतू नसताना कोणी काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. बॉन्ड्समनचे ७५,००० कोणाच्या पत्त्यावर वाचले?

दुसरी_सनद

पायरीकाका, इथेही दोन्ही तत्त्वं आहेत, नावं वेगळी. ज्याने अट पूर्ण होऊ दिली नाही त्याला त्या अटीचा फायदा घेता येत नाही, हा माझ्या मते गड्याचा मुख्य मुद्दा. प्रत मागितली, दिली नाही, पत्ता दुसरीकडे वळवला. तीन दहा, तीन बारा, सव्वाचार, सात. या चार वेळा एका कागदावर लिहिल्या की न्यायाधीशाला फार समजवावं लागणार नाही.

उलट बाजूही सांगते. बॉन्ड्समन म्हणेल, मी कधीच एकट्याला काम दिलं नव्हतं, या धंद्यात दोघातिघांना कागद देतातच, १८० दिवस संपत आले होते, जो जवळ होता त्याला पाठवलं. हे अगदीच फालतू म्हणणं नाही. १६० दिवस उलटल्यावर बॉन्ड्समनला झोप लागत नाही, मागे विमा कंपनी त्याच्या राखीव निधीवर डोळा ठेवून असते. त्यामुळे पूर्ण १० टक्के मिळतील असं मी म्हणणार नाही. केलेल्या कामाच्या मानाने काही रक्कम, हे जास्त शक्य.

७,५०० आणि आधीचे ४,१०० मिळून ११,६००. कॅलिफोर्नियात व्यक्तीला स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) १२,५०० पर्यंत मागता येतात. वकील लागत नाही, उलट आणताच येत नाही. आधी लेखी मागणी पाठवा. आणि परवाना त्या तारखेला चालू होता ना, ते आधी तपासा. तिथे गडबड असेल तर बाकी सगळं विसरा.

ह्यूस्टनची_धाकटी

मला एक सांगा. या भांडणात त्या बार्स्टोच्या मावसभावाचं काय? त्याच्या घरात दुसरा एजंट कसा शिरला? तो तर कुठल्याच कागदावर नव्हता.

हिशोबनीस

धाकटी, विचारलं. शिरला नाही म्हणे. आरोपी समोरच्या दुकानातून दूध घेऊन येत होता, रस्त्यातच धरलं. मावसभावाला कळलंसुद्धा नाही. गडी पोचला तेव्हा मावसभावानेच विचारलं, 'तुम्ही माझ्या भावाला बघितलंत का? दूध आणायला गेलाय, अजून आला नाही.'

मधलीसुट्टी

हे वाचून मात्र हसू आलं नाही.

हिशोबनीस

*(बारा दिवसांनी)*

अपडेट. परवाना चालू होता. मागणीचं पत्र रजिस्टर्ड टपालाने पाठवलं, मीच टाइप केलं, दुसरी_सनद यांनी व्यक्तिगत निरोपात दोन वाक्यं कापली (धन्यवाद, रागाची होती). बॉन्ड्समनचा फोन आला. आधी आरडाओरडा, मग चार वेळांचा कागद वाचल्यावर शांत. जुने ४,१०० पूर्ण आणि या फाइलचे ३,५०० देतो म्हणाला, दोन हप्त्यांत. गडी तयार झाला. मी म्हणालो कोर्टात जा, जास्त मिळतील. तो म्हणाला, 'कोर्टात गेलो तर या जिल्ह्यातला एकही बॉन्ड्समन मला फाइल देणार नाही. हे सगळे एकमेकांना ओळखतात.' खरं असावं. पहिला हप्ता जमा झालाय, दुरुस्त १०९९ पण आला.

आणि काल त्याच बॉन्ड्समनने नवी फाइल दिली. ४०,००० चा बॉन्ड, तेच अर्धं पान. गडी म्हणतो यात एक ओळ घालून दे. मी लिहिलीय, बघा:

'एजंटने दिलेल्या माहितीवरून आरोपी इतर कोणाच्याही हातून, पोलिसांसह, कोठडीत गेला तरी एजंटला ठरलेल्या रकमेच्या निम्मे मिळतील.'

दुसरी_सनद

'दिलेल्या' नाही, 'तारीख-वेळेसह लेखी दिलेल्या'. आणि 'इतर कोणाच्याही हातून' यात तो स्वतःहून हजर झाला तर बसत नाही.

यार्डवाला

बरोबर. आमच्याकडे पार्टी स्वतः येऊन यार्डात गाडी लावून चावी देऊन जायची तेव्हा सगळ्यात जास्त मारामाऱ्या व्हायच्या.

कोर्टाची_पायरी

'इतर कोणाच्याही हातून किंवा स्वतःहून'. आणि त्या बॉन्ड्समनची सही घ्या. अंगठा नको.

हिशोबनीस

घातलं. सही घेऊनच गाडी काढ म्हणून सांगितलंय.